भाताची जागा भाताला, ज्वारीची ज्वारीला

"ताई, नमस्कार. मी नाशिकला सिडकोत राहतो. सातपूरच्या एका कारखान्यात 31 वर्षं नोकरी करून मागच्या वर्षी निवृत्त झालो. सौ. अजून नोकरीत आहे, त्यामुळे स्वयंपाक आता मी करतो आणि मला तो आवडायलाही लागला आहे. मला साखरेचा त्रास आहे. डॉक्टरांनी सांगितलं, भात कमी करा, अख्खी धान्यं आणि भाज्या वाढवा. म्हणून ज्वारी, बाजरी, भगर आणि बार्ली आणली. भातासारखी कुकरला लावतो, त्यातच गाजर, मटार, फ्लॉवर टाकतो. होतो तो लगदा, आणि चव म्हणाल तर काही नाही. सौ. न बोलता खाते. आई 82 वर्षांची आहे, येवल्याकडची. ती म्हणते, 'यापेक्षा आमच्या कण्या बऱ्या होत्या.' धान्यं डब्यात पडून आहेत. टाकवत नाहीत आणि करवतही नाहीत. माझं कुठं चुकतंय?"

दादा,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी थांबून पुन्हा वाचलं. ते तुमच्या आईंचं आहे. "यापेक्षा आमच्या कण्या बऱ्या होत्या." तुम्हांला ती तक्रार वाटली असेल, मला त्यात उत्तर दिसलं. ज्या बाईनं उभा जन्म ज्वारी-बाजरी रांधली, तिला दाणा कसा वागतो हे पक्कं ठाऊक असतं. कण्यांकडे मी येणारच आहे. आधी तुमच्या कुकरकडे जाऊ.

तुमच्या हाताला चव नाही असं मुळीच नाही. चूक एवढीच झाली की ज्वारी तुम्ही भाताच्या जागी वाढलीत. भाताचं काम वरण-आमटी ओढून घ्यायचं. तो मऊ असतो, आपली चव फारशी पुढे करत नाही, म्हणून साधं वरण आणि तूपसुद्धा त्यावर खुलतं. ज्वारीच्या दाण्याला साल असते. ती वरण ओढत नाही, ती चावावी लागते. ताटभर ज्वारी चावायची म्हटली की सहाव्या घासाला जबडा दमतो आणि माणूस म्हणतो, याला चव नाही. तीच ज्वारी लसणाच्या फोडणीत परतून, लिंबू पिळून, भाकरी-पिठल्याच्या शेजारी दोन डाव वाढा, लोक पुन्हा मागून घेतात. मी हे माझ्या घरात पाहिलं आहे आणि दुसऱ्यांच्या पंगतीतही पाहिलं आहे.

आपल्या ताटाची डावी बाजू आठवा. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. सगळं थोडं आणि सगळं ठसठशीत. ज्वारी, बाजरी, भगर यांना भाजीची जोड देऊन तिकडे न्या, तोंडीलावणं म्हणून करा. वाटी लहान झाली की तिच्यात मीठ, तिखट, आंबट, तेल घालताना हात आखडत नाही. 'पौष्टिक' म्हणून रांधलेलं बेचव होतं ते बहुतेक वेळा या आखडलेल्या हातानं. तेल अर्धा चमचा, मीठ चिमूटभर, मिरची नकोच. मग घरची माणसं एकदा खातात, दुसऱ्यांदा बाजूला सारतात आणि दोष बिचाऱ्या दाण्याला लागतो. याचं मला खरंच वाईट वाटतं.

साखरेचं एक सांगून पुढे जाते. ज्वारी-बाजरीतही पिष्ट आहेच. अख्खा दाणा सालीसकट पोटात जातो म्हणून हळू पचतो, पण कितीही खाल्ला तरी चालतो असा त्याचा अर्थ नाही. शिजलेल्या ज्वारीची अर्धी वाटी ताटात आली तर पोळी किंवा भाकरी तेवढ्या बेतानं कमी करा, आणि तुमचं नेमकं प्रमाण तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

आता ज्वारी. पांढरी टपोरी मालदांडी घ्या. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं, तेव्हापासून दुकानांत रंगीत पाकिटं फार दिसायला लागली. त्यांची गरज नाही. नेहमीच्या किराणा दुकानात पोत्यातली ज्वारी असते, ती उत्तम. एक वाटी ज्वारी तीन-चार पाण्यांनी चोळून धुवा आणि रात्रभर भिजत घाला. दहा-बारा तास हवेतच. या दिवसांत नाशिकला थंडी असते, दोन तास जास्त झाले तरी आंबत नाही. सकाळी भिजवणीचं पाणी टाकून द्या, तीन वाट्या ताजं पाणी घाला आणि मीठ याच वेळी घाला, सपाट एक चहाचा चमचा.

मिठाची वेळ महत्त्वाची आहे, कारण इथंच बहुतेकांचं बिनसतं. शिजल्यावर वरून घातलेलं मीठ सालीवर बसतं, आतला गर अळणी राहतो. जिभेला आधी खारट लागतं, चावल्यावर फिकं लागतं, आणि मग आपण आणखी मीठ घालतो. पाण्यातच मीठ असलं की दाणा ते पोटात घेऊन शिजतो.

कुकरची पहिली शिट्टी मोठ्या आचेवर येऊ द्या, मग आच बारीक करून 25 ते 30 मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या. एक दाणा दाताखाली धरा. साल किंचित फुटलेली आणि आतून मऊ, पण पिचणारा नको. मध्ये कोरडं पीठ लागलं तर आणखी दहा मिनिटं द्या. जुनी ज्वारी जास्त वेळ खाते, नवी लवकर शिजते, म्हणून घड्याळापेक्षा दाताचं ऐका. एका वाटीची शिजून साधारण अडीच वाट्या होते.

शिजलेली ज्वारी रोळीत उपसून घ्या. खालचं पाणी आमटीत घाला, त्यात चांगला दाटपणा असतो. आणि आता तुमच्या लगद्यावरचा खरा उपाय. उपसलेली ज्वारी लगेच कढईत टाकू नका. परातीत सुती फडकं पसरा, त्यावर ती पातळ पसरून पंधरा-वीस मिनिटं वाऱ्याला ठेवा. ओला दाणा कढईत गेला की आपल्याच वाफेवर पुन्हा शिजत राहतो आणि चिकट होतो. कोरड्या दाण्याला तेल धरतं, तो कढईत तडतडतो, त्याला भाजका वास सुटतो. हुरड्याची आठवण करून देणारा तो वास नाकाला आला की समजा, निम्मा पदार्थ झाला. घाई करून ही पंधरा मिनिटं वाचवू नका. तेवढ्यात भाजी चिरून होते.

भाजीची गोष्ट वेगळी आहे. गाजर, मटार, फ्लॉवर तुम्ही ज्वारीबरोबर कुकरात टाकलेत. ज्वारीला अर्धा तास लागतो, फ्लॉवरला पाच मिनिटं. अर्ध्या तासानं फ्लॉवरचं उरणार काय? तिचं पाणी दाण्यात गेलं, दाण्याचं पीठ भाजीत आलं, आणि दोघांनीही आपापली चव घालवली. धान्य वेगळं शिजवा, भाजी वेगळी भाजा आणि शेवटी दोघांची गाठ घाला.

'भाजा' हा शब्द मी मुद्दाम वापरला. घरात लोखंडी कढई नसेल तर एक जाड बुडाची घेऊन या. ती धुराच्या बेताला येईपर्यंत तापवा. फ्लॉवरचे तुरे सारखे काढा, धुऊन फडक्यानं कोरडे करा. दोन चमचे तेलावर एका थरात टाका, गर्दी करू नका. गर्दी झाली की भाजी वाफेवर शिजते आणि पांढरी, लिबलिबीत होते. टाकल्यावर दोन मिनिटं हात लावू नका. खालून तांबूस डाग पडू द्या, मग उलथा. गाजराच्या चकत्यांचंही असंच. मीठ अगदी शेवटी, कारण आधी पडलं की भाजी पाणी सोडते आणि भाजणं थांबतं. मटारच्या जागी आत्ता ओला हरभरा मिळतो आहे, तो घ्या. सोलाणे कढईत मिनिटभर परतले की त्यांना जो खमंगपणा येतो तो मटारला कधीच येत नाही.

आता गाठ घालायची. भाजी काढून ठेवा. त्याच कढईत तीन चमचे तेल, मोहरी, हिंग, एक चमचा तीळ, कढीपत्ता, दोन हिरव्या मिरच्या आणि आठ-दहा लसूण पाकळ्या ठेचून. लसूण सोनेरी झाला की दोन वाट्या कोरडी ज्वारी. मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं परता. काही दाणे उडायला लागतील. मग तेवढीच किंवा थोडी जास्त भाजलेली भाजी घालून एकदा वरखाली करा आणि गॅस बंद. सगळं लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, कारण लोखंडात लिंबू पिळलं तर पदार्थ काळा पडतो आणि धातूचा वास येतो. काढल्यावर, गरम आहे तोवरच, एका लिंबाचा रस, दोन चमचे जाडसर दाण्याचं कूट आणि कोथिंबीर. गरम दाणा आंबट आत ओढतो, गार झाल्यावर पिळलेलं लिंबू नुसतं वर राहतं. दहा मिनिटं झाकून ठेवा, मग वाढा.

वरून कच्चा कांदा हवाच. सध्या बाजारात लाल कांदा आहे, रसाळ आणि झणझणीत, कच्चा खायला छान. परतून घालायचा असेल तर उन्हाळ कांदा जास्त चांगला, त्यात पाणी कमी असतं. लासलगाव-पिंपळगावच्या जिल्ह्यात राहून आपण दोन्ही कांदे एकाच कामाला लावतो, तसं करू नये.

हे तोंडीलावणं गार झालं तरी चांगलं लागतं. भात गार झाला की टणक होतो, त्यापेक्षा ज्वारी बरी टिकते. वहिनी नोकरीला जातात, तर एक छोटा डबा त्यांना द्या. त्या न बोलता खातात असं तुम्ही लिहिलंत. मला वाटतं, दिवसभर काम करून आल्यावर नवऱ्यानं रांधलेल्याला नाव ठेवायचं त्यांच्या जिवावर येत असेल. तुम्हीच विचारा, पण "कसं झालंय?" असं विचारू नका, त्याला "बरं झालंय" एवढंच उत्तर येतं. "यात आंबट कमी आहे का? लसूण जास्त झाला का?" असं विचारा. एक-दोन आठवड्यांत तुम्हांला त्यांच्या जिभेचा अंदाज येईल.

आता आईंकडे. 82 व्या वर्षी अख्खी ज्वारी चावणं हा छळ आहे. त्यांना ती आवडली नाही यात नवल नाही, आणि त्यांच्यासाठी उपाय त्यांनीच सांगितला आहे. गिरणीत ज्वारी जाड भरडून आणा. घरी चाळा, खाली पडलेलं पीठ भाकरीला वापरा, वर राहिल्या त्या कण्या. एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. भरडल्यानं दाणा तुटतो, पण साल आणि अंकुर त्यातच राहतात. म्हणजे डॉक्टरांनी तुम्हांला जे खायला सांगितलं ते कण्यांमध्येही आहे, फक्त तुटल्यामुळे त्या अख्ख्या दाण्यापेक्षा लवकर पचतात. तेव्हा त्यांची वाटी तुमच्यासाठी थोडी लहान.

अर्धी वाटी कण्या कोरड्याच मंद भाजा, वास सुटेपर्यंत. दोन वाट्या पाणी उकळा, मीठ घाला, कण्या वैरत जा आणि ढवळत राहा, नाहीतर गुठळ्या होतात. बारीक आचेवर वीसेक मिनिटांत त्या फुलून येतात. निवल्या की घट्ट ताक, ठेचलेला लसूण, भाजून भरडलेलं जिरं आणि बारीक चिरलेली कांद्याची पात. पातीचा पांढरा भाग तेलात परतून घाला, हिरवा कच्चा ठेवा. आमच्या सिन्नरकडे यावर तेलात तळलेली सुकी लाल मिरची चुरडून घालायचे. ताटात शेजारी वांग्याचं भरीत असलं की दुसरं काही लागत नाही.

कण्यांचा याहूनही मला आवडणारा उपयोग म्हणजे चुक्याची भाजी. आपण चुक्यात तांदळाची कणी किंवा हरभऱ्याची डाळ घालतो, त्याऐवजी ज्वारीच्या कण्या घाला. एक मोठी जुडी चुका, पाव वाटी कण्या तासभर भिजवून, मूठभर शेंगदाणे आणि बेताचं पाणी. चार शिट्ट्या करा. रवीनं घोटा, पण शेंगदाणे बाजूला काढून, मग ते परत घाला. मीठ, लाल तिखट, सुपारीएवढा गूळ, तुमच्या ताटातून तो वगळला तरी चालेल. वरून भरपूर लसूण आणि सुक्या मिरचीची चरचरीत फोडणी. धान्य आणि भाजी वेगळी शिजवा असं मी वर ठासून सांगितलं आणि इथं एकत्र शिजवायला सांगते आहे, कारण या भाजीत पान विरघळूनच जायला हवं. चुक्याचा आंबटपणा आणि कण्यांचा मंद गोडवा एकमेकांत मुरतो. आईंना ही मऊ भाजी भाकरीबरोबर कुस्करून खाता येईल.

भगर तुमच्याकडे आहे म्हणता. तिला आपण उपासाच्या फळीवर ठेवून देतो आणि एकादशीशिवाय काढत नाही. भगर खरं तर चारही धान्यांत सगळ्यांत लवकर होणारी आहे, भिजवायचीही फारशी गरज नाही. पण ती नीट बघून घ्या. दुकानातली पांढरीशुभ्र भगर ही कोंडा बराचसा काढलेली असते. मळकट, पिवळसर दिसणारी मिळाली तर ती घ्या, तुम्हांला जे हवं आहे ते तिच्यात जास्त आहे. आणि कुबट वास आला तर एक दाणाही वापरू नका. ओल लागलेली भगर बाधते.

एक वाटी भगर धुऊन चाळणीत पूर्ण निथळू द्या. एक चमचा तेलात जिरं तडतडवून भगर परता, दाणे सुटे होऊन हाताला हलके लागेपर्यंत. दोन वाट्या उकळतं पाणी आणि मीठ घालून झाकण ठेवा. बारीक आचेवर आठ मिनिटं, मग गॅस बंद करून दहा मिनिटं झाकण उघडू नका. काट्यानं हलक्या हातानं मोकळी करा. डाव फिरवला की गिच्च गोळा झालाच. हिच्यात लाल भोपळा फार सुरेख लागतो. भोपळ्याच्या सालीसकट लहान फोडी कढईत डाग पडेपर्यंत भाजा, त्यांवर ठेचलेली हिरवी मिरची आणि आलं, मग मोकळी भगर आणि दाण्याचं कूट. भोपळा गोड, म्हणून लिंबू हात सैल सोडून पिळा. उपासाचा दिवस नसला तर कोबी घाला. बारीक चिरलेला, मोठ्या आचेवर दोनच मिनिटं परतलेला, अजून करकरीत असलेला.

बाजरीबद्दल लिहिताना मला आजीचं उखळ दिसतं. ती बाजरी थोडी ओलवून कांडायची, पाखडून वरचा जाड कोंडा काढायची आणि मग खिचडा शिजवायची. घर भरून वास यायचा. उखळ तुमच्याकडे नसेल. मिक्सरमध्ये ओलवलेली बाजरी दोन-तीन वेळा नुसती फिरवून थांबवली आणि पाखडली तरी काम होतं. नाहीतर अख्खीच रात्रभर भिजवून ज्वारीसारखी शिजवा, थोडा कमी वेळ. बाजरीची चव करडी आणि जोरकस असते, गाजर-मटारासारख्या गोडसर भाज्या तिच्यापुढे दबतात. तिला वांगं, मेथी, कांद्याची पात, लसूण आणि तीळ यांची संगत द्या.

आणि आता भोगी तोंडावर आली आहे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आपण बाजरीची तिळाची भाकरी आणि गाजर, वांगी, घेवडा, सोलाणे, बोरं घालून तिळकुटाची भाजी करतोच. त्या दिवशी भाजी थोडी जास्त करा आणि बाजरी भिजत घाला. दुसऱ्या दिवशी शिजून कोरडी केलेली बाजरी लसणावर परतून त्यात उरलेली भोगीची भाजी घाला, आटेपर्यंत परता. मुरलेल्या भाजीचा रस बाजरी छान धरते. पूर्वीच्या बायकांनी हे धान्य आणि या भाज्या एकाच दिवशी ताटात आणल्या, त्या शेतात एकाच वेळी तयार होत होत्या म्हणून आणि जिभेवर जुळत होत्या म्हणूनही.

बाजरीचं पीठ मात्र साठवू नका. तिच्या अंकुरात तेल असतं, दळल्यावर ते हवेला लागतं आणि पीठ आठ-पंधरा दिवसांत कडवट होतं. दाणा अख्खा असला तर महिनोन् महिने टिकतो. थोडं थोडं दळून आणा. उरलेलं पीठ ढोबळी मिरचीवर किंवा मेथीवर पेरा. बेसनाच्या जागी भाजलेलं बाजरीचं पीठ, तेल जरा सढळ, पाण्याचा एक हबका आणि झाकण. पाच मिनिटांत सुकी भाजी तयार.

बार्लीसाठी मी फार शब्द खर्च करणार नाही. दुकानात मिळणारी पांढरी, गुळगुळीत, मोत्यासारखी बार्ली म्हणजे साल घासून काढलेलं सातूचं धान्य. ते अख्खं धान्य राहिलेलं नाही. आणलेली आहे तर टोमॅटोच्या सारात मूठभर घालून संपवा, सार दाट होतं. पुन्हा आणायची गरज नाही. आपल्या जिल्ह्यात याहून चांगलं पुष्कळ पिकतं.

उदाहरणार्थ नागली, म्हणजे नाचणी. तिचं नाव तुमच्या यादीत नाही आणि मला ते खटकलं. पेठ, सुरगाणा, हरसूल या पट्ट्यातल्या डोंगरउतारांवर नागली आणि वरई आदिवासी शेतकरी पिढ्यान् पिढ्या पिकवत आले आहेत. मोहरीएवढा दाणा, म्हणून अख्खी शिजवायच्या फंदात पडू नका, ती पिठातच शोभते. पण नागलीचे पापड घ्या. काकडी, टोमॅटो, कांदा यांची दह्यातली कोशिंबीर करा आणि वाढायच्या क्षणी निखाऱ्यावर किंवा गॅसवर भाजलेला नागलीचा पापड चुरडून वर घाला. पापडात मीठ असतं, तेव्हा कोशिंबिरीत कमी घाला. ज्वारीच्या लाह्याही अशाच वरून घालता येतात. द्राक्षं सुरू झाली की चार आंबटसर मणी चिरून टाका.

त्याच भागात खुरासणीची चटणी होते, काळीभोर, लसूण घातलेली. बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदावरीकाठी, बाजाराला गेलात तर खुरासणी मिळते का विचारा. नाहीच मिळाली तर कारळे म्हणून किराणा दुकानात मिळतील, तेच ते. मंद भाजून सुकी लाल मिरची, लसूण, मीठ घालून कुटा. दाण्याच्या कुटाऐवजी ही चटणी ज्वारीवर एकदा भुरभुरून बघा. सगळ्या पदार्थाचा तोंडवळा बदलतो.

रोज हे सगळं करायचं दडपण घेऊ नका. रविवारी दोन वाट्या ज्वारी शिजवा, कोरडी करा, पूर्ण निवली की लगेच झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. दुपारभर ओट्यावर तशीच राहू देऊ नका. तीन दिवस चांगली राहते. एका दिवशी फ्लॉवर-सोलाणे, दुसऱ्या दिवशी वांगं, तिसऱ्या दिवशी दही-काकडी घालून थंड. भाजी मात्र त्या त्या दिवशीच चिरा.

या आठवड्यात चुक्यापासून सुरुवात करा. आईंना स्वयंपाकघरात खुर्ची द्या, कण्या त्यांना निवडू द्या आणि फोडणी कधी द्यायची ते त्यांना सांगू द्या. आणि माझ्यासाठी एक विचारून कळवा. येवल्याकडे कण्यांत ताक निवल्यावर घालतात की शिजत असतानाच? आमच्याकडे निवल्यावर घालायचे. पण माझी एक चुलत सासू, ती तिकडचीच, ती उकळत्या कण्यांत आंबट ताक घालायची आणि तिच्या कण्या आमच्यापेक्षा चांगल्या व्हायच्या. मी तिला कधी विचारलं नाही, आणि आता ती नाही.